बुद्धिमत्तेच्या इतक्या थिअऱ्या, मग नक्की कुठली धरायची?

पाटीवरचा_खडू:

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. दरवर्षी बुद्धिमत्तेचं प्रकरण आलं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "सर, मग यातलं बरोबर कोण?" कारण गाइडमध्ये सगळ्यांना एका ओळीत उभं केलेलं असतं. स्पिअरमनची एक बुद्धी, थर्स्टनच्या सात, गिलफर्डच्या एकशेवीस, गार्डनरच्या आठ, स्टर्नबर्गच्या तीन. खाली गुण, त्याखाली दोष, झालं. पोरं पाठ करतात, दहा मार्कांचा प्रश्न सुटतो आणि परीक्षा संपली की सगळं साफ. मला आता वाटायला लागलंय की तो तक्ताच चुकीचा आहे, ही माणसं एकाच प्रश्नावर भांडत नव्हतीच मुळी, प्रत्येकाच्या पुढ्यात वेगळं काम पडलं होतं आणि त्या कामाला जे लागलं त्याला त्याने बुद्धिमत्ता म्हटलं. जरा लांबड लावतोय, कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा.

बिनेपासून सुरू करू. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झाल्यावर वर्गात सगळ्याच प्रकारची मुलं येऊन बसली आणि कुणाला वेगळी मदत लागेल हे ठरवायचं कसं असा प्रश्न आला. १९०४ मध्ये सरकारने एक समिती नेमली, त्यात आल्फ्रेड बिने होता. त्याने आणि त्याचा सहकारी सिमोन याने १९०५ मध्ये ३० छोट्या कामांची यादी काढली, सोप्यापासून अवघडाकडे. पहिलं काम काय, तर पेटत्या काडीमागे मुलाची नजर फिरते का. शेवटाकडे आलं की घडी घालून कापलेला कागद उघडला तर कसा दिसेल ते न उघडता सांगायचं. यात भव्य थिअरी वगैरे काही नाही, कामापुरतं काम. १९०९ च्या पुस्तकात तर त्याने साफ लिहिलंय की माणसाची बुद्धी ठरलेली असते, ती वाढवता येत नाही असं म्हणणं हा क्रूर निराशावाद आहे आणि त्याला विरोध केला पाहिजे. १९११ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्नने मानसिक वय (मूल किती वर्षांच्या मुलांइतकी कामं करतं ते) भागिले खरं वय असा भागाकार मांडला, १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या टर्मनने त्याला शंभराने गुणायची पद्धत चालू केली, हाच तो बुद्ध्यंक, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १७ लाख सैनिकांना चाचणीला बसवलं. मदत कुणाला हवी हे शोधायला केलेली वस्तू माणसं गाळायला वापरली गेली. टर्मनची तर बुद्धी उपजत असते अशी पक्की खात्री होती.

आता स्पिअरमन. हा आधी ब्रिटिश सैन्यात ऑफिसर, मग उशिरा जर्मनीत जाऊन मानसशास्त्र शिकला. १९०४ चा त्याचा लेख अजून वाचण्यासारखा आहे. एका इंग्लिश शाळेतल्या मुलांचे ग्रीक-लॅटिन, फ्रेंच, इंग्लिश, गणित, संगीत असे क्रम घेतले, शिवाय दोन स्वरांमधला बारीक फरक ओळखता येतो का तेही तपासलं. ग्रीक-लॅटिन आणि फ्रेंच यांचा सहसंबंध (एकात वर असलेला दुसऱ्यातही किती वर असतो याचं माप, पूर्ण जुळलं तर १) आला ०.८३, ते समजू शकतो, दोन्ही भाषाच. पण ग्रीक-लॅटिन आणि संगीत यांचाही ०.६३! सगळंच सगळ्याशी धन. मग तो म्हणाला की या सगळ्यांच्या मुळाशी एक सामान्य घटक असणार, त्याचं नाव 'जी', बाकी त्या त्या विषयापुरते छोटे छोटे 'एस'. त्याला कुठल्या मुलाला मदत करायची नव्हती, त्याला हे आकडे असे का येतात ते हवं होतं.

म्हणजे बिनेचा प्रश्न मास्तरचा आणि स्पिअरमनचा आकडेवाल्याचा. गार्डनरचा तर तिसराच, त्याच्यावर प्रतिसादांत लिहीन, आत्ता जेवायला बोलावतायत.

ढब्बू_मिरची:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. लहानपणी आमच्या घरी एकच थिअरी होती, "शेजारच्याचा बघ" थिअरी.

सिग्मा_३:

सर, लेख चांगलाय पण सगळ्यांचे प्रश्न वेगवेगळे म्हणून सगळेच आपापल्या जागी बरोबर असा सूर येतोय तो मला पटत नाही. मी डेटात काम करतो त्यामुळे माझं सरळ म्हणणं, जी थिअरी काहीतरी भाकीत करते ती घ्या. 'जी'ला शंभर वर्षं लोक पाडायला बघतायत आणि तो पडत नाही. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ ला १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांची, ८७ हजारांवर, एकाच दिवशी चाचणी घेतली होती. ते कागद पुढे इयन डिअरी वगैरे संशोधक मंडळींना सापडले, त्यांनी त्यातल्या काही जणांना सत्त्याहत्तराव्या वर्षी परत तोच पेपर दिला, सहसंबंध ०.६३. मधे साठ-सासष्ट वर्षं, एक महायुद्ध, लग्न, नोकऱ्या, आजारपणं, आणि तरी! त्याच डिअरीचा २००७ चा अभ्यास आहे, इंग्लंडची ७० हजारांवर मुलं, अकराव्या वर्षीचा 'जी' आणि सोळाव्या वर्षीचे बोर्डाचे निकाल यांचा संबंध ०.८१. मानसशास्त्रात एवढा आकडा दुसरीकडे कुठे बघायला मिळतो सांगा.

आणि थर्स्टनच्या सात शक्ती, त्यांची गोष्ट गाइडमध्ये अर्धीच देतात. त्याने ५६ चाचण्या दिल्या त्या २४० जणांना, ते सगळे शिकागो विद्यापीठातले. आधीच गाळून आलेली मंडळी, सगळेच हुशार, मग त्यांच्यात सामान्य घटक फिका दिसणारच ना. नंतर शाळेतल्या मुलांवर केलं तेव्हा सातही घटक एकमेकांशी जुळलेले निघाले आणि त्यांच्या वर एक घटक त्यालाही मानावा लागला. १९९३ मध्ये जॉन कॅरलने ४६० च्या वर जुने डेटासेट परत उकरून बघितले आणि तीन मजली इमारत उभी राहिली, खाली बारीक कौशल्यं, मधे आठेक मोठ्या क्षमता, वर 'जी'. आज चांगल्या चाचण्या याच नकाशावर बेतलेल्या असतात. म्हणजे स्पिअरमन आणि थर्स्टन दोघं बरोबर, फक्त मजले वेगळे. गार्डनरला या इमारतीत खोली मिळत नाही, सॉरी.

रेवा_के:

@सिग्मा_३, तुमचे आकडे असतील बरोबर, पण आमच्यासारख्या आयांना गार्डनरने श्वास घ्यायला जागा दिली एवढं तरी मान्य करा की. माझा मुलगा पाचवीत आहे, गणितात रडकुंडीला येतो आणि तबल्यावर बसला की त्याला हलवावं लागत नाही, तिहाई एकदा ऐकली की वाजवतो. मला कुणीतरी सांगितलं की ही सुद्धा बुद्धिमत्ताच आहे तर त्यात वाईट काय? त्याला आयुष्यभर ढ म्हणून घ्यायचं का?

दुसरं असं की आमच्या शाळेत मागच्या महिन्यात पालकसभेत एक जण आले होते, बोटांचे ठसे घेऊन मुलाच्या आठ बुद्ध्या टक्क्यांत सांगतात, डीएमआयटी म्हणतात त्याला. साडेचार हजार रुपये. गार्डनरचा फोटो होता त्यांच्या स्लाइडवर. वर्गातल्या निम्म्या पालकांनी नावं दिली. करावी का?

निशिगंध_:

रेवाताई, करू नका. मी शाळांमध्ये समुपदेशक आहे, दर वर्षी दोन-चार पालक ती रंगीत फाइल घेऊन येतातच. बोटावरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि नंतर बदलत नाहीत, त्यावरून संगीताची बुद्धी ३१ टक्के आणि तर्काची १२ टक्के हे कुणालाही सांगता येत नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही याला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर केलेलं आहे. आणि गार्डनरने बोटांच्या ठशांचा उल्लेखही कुठे केलेला नाही, त्याचा फोटो फुकटच लावतात. त्या पैशात तबल्याच्या सरांची फी भरा.

रेवा_के:

धन्यवाद ताई. नवऱ्याला दाखवते हा प्रतिसाद, तो ऑलरेडी गूगल पे करायच्या तयारीत होता.

पाटीवरचा_खडू:

जेवून आलो तर धागा पळालाय. गार्डनरवर सविस्तर लिहितो, कारण त्याच्यावर दोन्हीकडून अन्याय होतो, भक्तांकडूनही आणि टीकाकारांकडूनही.

गार्डनर बॉस्टनमध्ये मेंदूला इजा झालेल्या पेशंटांबरोबर काम करत होता आणि दुसरीकडे हार्वर्डमध्ये कलेत मुलं कशी वाढतात ते बघत होता. इस्पितळात त्याला दिसायचं की एखाद्याची वाचा जाते पण गळा शाबूत राहतो, दुसऱ्याला रस्ता सापडत नाही पण बोलणं ठाकठीक. हॉलंडच्या एका फाउंडेशनने माणसाच्या क्षमतांचा आढावा घ्यायला पैसे दिले आणि त्यातून १९८३ मध्ये 'फ्रेम्स ऑफ माइंड' आलं. सात बुद्ध्या: भाषेची, तर्क-गणिताची, अवकाशाची, संगीताची, शरीराची, दुसऱ्याला ओळखण्याची, स्वतःला ओळखण्याची. आठवी निसर्गाची नंतर आली. एखाद्या गोष्टीला बुद्धी म्हणायचं की नाही याचे त्याने आठ निकष लावले: मेंदूच्या इजेत ती वेगळी काढता येते का, त्यात विलक्षण मुलं सापडतात का, तिची स्वतःची चिन्हभाषा आहे का वगैरे. आता गंमत बघा, या निकषांत चाचणीचे आकडे हा आठातला एकच आणि तोही खालच्या पंगतीतला. म्हणजे सिग्मा साहेब ज्याला पुरावा म्हणतात ते त्याच्या घरचं मुख्य जेवणच नाही. त्याला जगातल्या सगळ्या संस्कृतींमध्ये माणसं ज्याला कौतुकाने मान देतात त्याचा नकाशा हवा होता. कीर्तनकार, नाविक, वैद्य, गणिती सगळे बसले पाहिजेत असा.

पण मग एक प्रश्न येतोच आणि तिथे त्याची बाजू लंगडी पडते. तुम्ही म्हणता या बुद्ध्या एकमेकींपासून बऱ्यापैकी स्वतंत्र आहेत, तर मोजून दाखवा. २००६ मध्ये व्हिसर, अॅश्टन आणि व्हर्नन या तिघांनी आठही बुद्ध्यांसाठी चाचण्या गोळा करून दिल्या, तर भाषा, तर्क, अवकाश, निसर्ग हे सगळे परत 'जी'च्याच गळ्यात गळा घालून आले. संगीत, शरीर आणि स्वतःची ओळख यांचं नातं मात्र कमी निघालं. म्हणजे रेवाताईंच्या मुलाचा तबला आणि गणित वेगवेगळे चालू शकतात, यात काही अजब नाही. त्याला बुद्धी म्हणायचं की प्रतिभा की कसब, हे तुम्ही कशाला मान द्यायचं ठरवता त्यावर आहे, ते प्रयोगशाळेत ठरत नाही.

आणि शाळांमध्ये जे चालतं, हा मुलगा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी, हा हाताने शिकणारा, ते गार्डनरचं नव्हे. त्याने स्वतः २०१३ मध्ये वैतागून लिहिलं की माझ्या बुद्ध्या म्हणजे शिकण्याच्या शैली नाहीत. त्या शैलींप्रमाणे शिकवलं तर मुलं जास्त शिकतात याला धड पुरावाही मिळालेला नाही. तरी बीएडच्या फाइलीत सगळं एकत्र कालवलेलं असतं, मी स्वतः तपासतो त्या फाइली.

जुना_सदाशिवपेठी:

गिलफर्डला तुम्ही एका आकड्यात उडवलंत सर! पुण्यात आमच्या पिढीला तर बुद्धिमत्ता म्हणजे गिलफर्डच. ज्ञान प्रबोधिनी १९६२ साली आप्पा पेंडशांनी सुरू केली, तिथे बुद्धिमान मुलं निवडायची म्हटल्यावर नुसता बुद्ध्यंक काढून भागणार नव्हतं. प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत गिलफर्डच्या मॉडेलवर इथल्या मुलांसाठी चाचण्या तयार झाल्या, उषाताई खिरे यांचं त्यावर मोठं काम आहे. गिलफर्डचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर डोकं पाच प्रकारच्या क्रिया करतं, चार प्रकारच्या मालावर करतं, आणि त्यातून सहा प्रकारचं काहीतरी बाहेर पडतं, पाच गुणिले चार गुणिले सहा, एकशेवीस. त्यातली एक क्रिया महत्त्वाची, एकाच प्रश्नाची अनेक उत्तरं काढणं. विटेचे किती उपयोग सांगता येतील, असले प्रश्न. आज सर्जनशीलता म्हणून जे बोलतात त्याचं बरंचसं तिथून आलंय, १९५० च्या भाषणात त्याने अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना सुनावलं होतं की तुम्ही सर्जनशीलतेकडे ढुंकून बघितलं नाहीत. आणि दुसरं, ज्याला पुढारी व्हायचंय त्याला दुसऱ्याचा चेहरा वाचता आला पाहिजे, तोही माल गिलफर्डच्या खोक्यात होता, गार्डनरच्या कितीतरी आधी.

सिग्मा_३:

सदाशिवपेठी काका, आदर ठेवून सांगतो, गिलफर्डच्या खोक्याचं पुढे काय झालं तेही सांगा की. १९७३ मध्ये हॉर्न आणि नॅप यांनी गिलफर्डचाच डेटा घेतला, त्याच्याच पद्धतीने आकडे फिरवले, फक्त थिअरी म्हणून चिठ्ठ्या टाकून बनवलेल्या भलत्याच थिअऱ्या दिल्या. त्याही तितक्याच छान बसल्या. म्हणजे पद्धतच अशी होती की काहीही द्या, पास. मग पुढे तो स्वतःच १५० आणि मग १८० वर गेला. निवड करायला चाचण्या उपयोगी पडल्या असतील, मी नाही म्हणत नाही, पण मेंदू तसाच विभागलाय असं त्यातून ठरत नाही.

जुना_सदाशिवपेठी:

चाचणी चालते पण थिअरी चालत नाही, हे तुमच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. हाच नियम 'जी'ला लावा आता.

ढब्बू_मिरची:

काकांनी चेंडू स्टेडियमबाहेर टाकलाय.

झेडपीवाला:

सगळं वाचतोय, रात्री निवांत वेळ मिळाला. मी तालुक्याच्या ठिकाणापासून आत असलेल्या जिल्हा परिषद शाळेवर आहे, स्कॉलरशिपचा वर्ग घेतो. आमच्याकडे बुद्धिमत्ता चाचणी म्हणजे पेपर दोनमधला विषय, बस. गटात न बसणारे पद, आरशातली प्रतिमा, घड्याळात किती वाजले, रांगेत डावीकडून सातवा उजवीकडून बारावा तर एकूण किती. मी खरं सांगू का, जूनमध्ये ज्या पोराचे पन्नासपैकी अठरा बरोबर येतात त्याचे फेब्रुवारीपर्यंत चाळीस येतात. मग त्याची बुद्धिमत्ता दुप्पट झाली का? नाही झाली, त्याला प्रश्नाचे प्रकार कळले. रांगेच्या गणितात दोन्ही क्रमांक मिळवून एक वजा करायचा हे एकदा घोटून घेतलं की संपलं. शहरातल्या पोरांना हे तिसरीपासून मिळतं, आमच्याकडे मी एकटा. म्हणून मेरिट लिस्ट बघून बुद्धीबद्दल बोलणाऱ्यांचा मला राग येतो.

आणखी एक. आमच्या वर्गात दोन पोरं आहेत जी गुरुवारच्या बाजारात बापाबरोबर भाजीच्या पालावर बसतात. पावशेर, अर्धा किलो, सुट्टे परत, सगळं तोंडी, माझ्यापेक्षा फास्ट. तेच फळ्यावर उभं करून गुणाकार दिला की दातखिळी. यावर तुमची कुठली थिअरी काय म्हणते?

पाटीवरचा_खडू:

गुरुजी, तुमच्या भाजीच्या पालावरचा अगदी हाच प्रयोग ब्राझीलमध्ये झालाय. रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांकडे गिऱ्हाईक बनून जायचं आणि हिशेब विचारायचा. बारा वर्षांचा एक नारळवाला पोरगा. एक नारळ ३५ ला, चार हवेत. तो म्हणतो तीनचे १०५, त्यात ३०, झाले १३५, एक नारळ ३५ ला... १४०. बरोबर. नंतर त्याच पोराला कागदावर ३५ गुणिले ४ दिलं. तर म्हणे चार पंचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००. बाजारात ९८ टक्के बरोबर, कागदी आकडेमोडीत ३७ टक्के. मुलं पाचच होती, १९८५ चा अभ्यास. पण अलीकडे २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरेंनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत मोठ्या प्रमाणावर केलं, तेच निघालं, आणि उलटंही निघालं: शाळेत चांगली असलेली मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली.

स्टर्नबर्गचं सगळं भांडण इथून सुरू होतं. १९८५ च्या आसपास त्याने तीन बाजू मांडल्या, विश्लेषणाची, सर्जनाची आणि व्यवहाराची, आणि म्हणाला की शाळा आणि चाचण्या फक्त पहिलीच मोजतात. केनियात लुओ मुलांमध्ये त्याच्या टीमने बघितलं की कुठल्या दुखण्यावर कुठली जडीबुटी हे ज्यांना चांगलं माहीत होतं त्यांचे शाळेच्या पद्धतीच्या चाचणीत मार्क उलट कमी येत होते. कारणही त्यांनी दिलं, घरचे ज्याला गावातच राहायचंय असं धरतात त्याला ते ज्ञान देतात, ज्याला शिकून बाहेर जायचंय तो पुस्तकात. त्यामुळे तुमच्या दोन पोरांत काही कमी नाहीये, त्यांचा सराव कुठे झाला तेवढाच फरक आहे.

सिग्मा_३:

स्टर्नबर्गच्या व्यवहारी बुद्धीवर लिंडा गॉटफ्रेडसनने २००३ मध्ये लांबलचक टीका केली आहे, की ती स्वतंत्र असल्याचा त्याचा पुरावा फार थोड्या आणि निवडक गटांवर उभा आहे. बाकी गुरुजींचं स्कॉलरशिपचं निरीक्षण मला मान्य. घोकून चाचणीचा स्कोअर वाढतो, 'जी' नाही वाढत, आम्हीही हेच म्हणतो.

ओस्लोकर:

मग 'जी' वाढतो कशाने हेही सांगा. मी बरीच वर्षं नॉर्वेत आहे. इथे सैन्यभरतीच्या वेळी वर्षानुवर्षं जवळजवळ सगळ्या तरुण मुलग्यांची बुद्धिमत्ता चाचणी व्हायची, त्यामुळे डेटा सोन्यासारखा. न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिनने १९८७ मध्ये चौदा देशांचे आकडे मांडून दाखवलं होतं की पिढ्यान्‌पिढ्या स्कोअर चढतोय, हॉलंडच्या भरतीत तर १९५२ ते १९८२ मध्ये वीसेक गुण. आजोबा मतिमंद आणि नातू जीनियस असा हिशेब निघेल, जो उघडच मूर्खपणा आहे. आणि चढ कुठे जास्त? शब्दसंग्रहात नाही, अंकगणितात नाही, तर आकृत्यांच्या कोड्यांत, ज्यांना संस्कृतीचा वारा लागत नाही असं आपण समजत होतो! इथे नॉर्वेत १९७० च्या दशकाच्या मध्याला जन्मलेल्यांपर्यंत आलेख चढतो आणि मग उतरायला लागतो. ब्रॅट्सबर्ग आणि रोगेबर्ग यांनी २०१८ मध्ये सख्ख्या भावांची तुलना केली, धाकट्या-थोरल्यातही तोच उतार. म्हणजे कमी हुशार लोकांना जास्त मुलं होतात वगैरे बाता निकालात. आई-बाप तेच, घर तेच, काहीतरी बाहेरचं बदललं.

पाटीवरचा_खडू:

ओस्लोकरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. सिग्मा साहेब, 'जी' भाकीत करतो, मान्य. पण भाकीत करतो म्हणजे तो कारण आहे असं नव्हे. शंभर चाचण्या एकमेकींशी धन जुळतात, हे पक्कं निरीक्षण आहे. का जुळतात, याची किमान तीन उत्तरं आहेत आणि तिन्हींतून सहसंबंधांचा तोच तक्ता निघतो. स्पिअरमनचं, की मुळाशी एक शक्ती. गॉडफ्रे थॉमसनचं, १९१६ पासूनचं, की डोक्यात असंख्य बारीक दुवे असतात आणि प्रत्येक चाचणी त्यातला मूठभर उचलते, मुठीतले काही दुवे सारखे निघाले की सहसंबंध. आणि हॉलंडच्या व्हान डर मास मंडळींचं २००६ चं, की वाढताना क्षमता एकमेकींना हात देतात: शब्द जास्त आले की गणितातलं वाक्य कळतं, लक्षात जास्त राहिलं की शब्द जास्त येतात. शेतात सगळे वाफे ओले दिसले म्हणजे एकाच विहिरीचं पाणी पाटाने आलं असेल, नाहीतर एका वाफ्याचं दुसऱ्यात झिरपलं असेल, नुसती ओल मोजून ते कळत नाही. आणि या तिसऱ्या उत्तरात फ्लिनचा चढ-उतार, शाळेचं एकेक वर्ष वाढलं की स्कोअर एक ते पाच गुणांनी वाढतो हे रिची आणि टकर-ड्रॉबने काढलेलं, हे सगळं विनासायास बसतं.

सिग्मा_३:

व्हान डर मासचं मॉडेल गणिताने सुंदर आहे, पण स्पिअरमनला हरवेल असं भाकीत त्यातून अजून पुरेसं आलेलं नाही. मुलांच्या वर्षानुवर्षांच्या मोजमापात शब्दसंग्रह आणि तर्क एकमेकांना ओढताना दिसतात, तिथवर ठीक. मी अजून काठावर आहे.

जुना_सदाशिवपेठी:

काठावर आला म्हणजे आमच्याकडे निम्मं आलात.

निशिगंध_:

तुम्ही लोक विहिरीवर भांडा, पण ओस्लोकर जे म्हणाले त्याने माझ्या टेबलावर रोज काय होतं ते सांगते, कारण इथे थिअरी थेट मुलाच्या कागदावर येते. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी जी चाचणी सगळ्यात जास्त दिली जाते ती बिने-कामत. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात धारवाडकडे कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर बिनेचं हे रूपांतर केलं. त्या काळात हे एकट्याने करणं म्हणजे काय काम असेल, मला प्रचंड आदर आहे. नंतर नागपूरच्या फादर मलिननी वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धिमत्ता चाचणीचं भारतीय रूप केलं, तेही खूप वापरतात. पण बिने-कामतमध्ये अजून मानसिक वय भागिले खरं वय हाच हिशेब आहे आणि मूळ प्रमाणीकरण तेव्हाच्या मुलांचं. फ्लिन बरोबर असेल तर जुन्या मापाने आजच्या मुलाचा आकडा फुगून येणार. सत्तरच्या खाली मदत, वर नाही. आठवीतला मुलगा, वाचता येत नाही, बसचा नंबर ओळखत नाही, सुट्टे पैसे कळत नाहीत, आणि आकडा येतो ७४. आई विचारते, मॅडम म्हणजे तो नॉर्मल का? काय सांगू तिला?

झेडपीवाला:

ताई, आमच्याकडे असाच एक आहे, सहावीत. मग तुम्ही काय करता अशा वेळी?

निशिगंध_:

गुरुजी, एका आकड्यावर मी कधीच थांबत नाही. सोशल मॅच्युरिटीची चाचणी वेगळी घेते, त्यात आईला विचारायचं की तो स्वतः आंघोळ करतो का, एकटा दुकानात जाऊन सांगितलेली वस्तू आणतो का, घरी एकटा राहतो का. भाषेची आणि हाताने करायची कामं वेगळी बघते, भाटियांची बॅटरी आहे त्यासाठी, रंगीत ठोकळे जुळवून नक्षी करायची वगैरे, त्यात फारसं बोलावं लागत नाही. मागे एक मुलगा शाब्दिक भागात अगदी खाली होता आणि ठोकळे हातात दिल्यावर मी घड्याळ लावायच्या आत नक्षी तयार, त्याचा प्रश्न ऐकू येण्याचा निघाला. आणि जे.पी. दासांची प्लॅनिंग, अटेन्शन वगैरे वेगवेगळी बघणारी पद्धत आहे, ते ओडिशाचे, कॅनडात काम केलं, त्यातून निदान कुठे अडतंय ते तरी कळतं, नुसतं किती ते नाही. तुमच्या मुलाची आधी कानांची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या, जिल्हा रुग्णालयात होते. त्याच्या घरी कुठली भाषा बोलतात तेही कळवा, चाचणी प्रमाण मराठीत आणि घरी वेगळंच बोलत असतील तर शाब्दिक भाग धरताच येणार नाही. मला व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, तुमच्या जिल्ह्यात कुणाकडे पाठवायचं ते बघून सांगते.

झेडपीवाला:

घरी पावरी बोलतात, सातपुड्याकडची आदिवासी बोली. व्यनि केलाय.